द्राक्षं बघायला आलेला पाहुणा

‘द्राक्षं बघायला पाहुणा येतोय’ असं कुणी म्हणालं की आमच्या वादी सवान गावात घरातल्या बायका आधी अंगण झाडायला घेतात. कारण द्राक्षं बघायला कुणी येत नसतं. द्राक्षं काय बघायची? डोंगरापासून खाली रस्त्यापर्यंत दुसरं आहे काय इथे? लोक पोरगी बघायला येतात आणि तोंडाने द्राक्षं म्हणतात. म्हणजे उद्या नकार आला तरी कुणाचं नाक कापलं जात नाही. द्राक्षं पसंत पडली नाहीत, संपलं. नजलाचा बाप वदीहसुद्धा ऐन तारुण्यात असाच सासऱ्याच्या बागेत द्राक्षं बघायला गेला होता, आणि त्या दिवशी त्याने एका घडाकडेही धड पाहिलं नव्हतं.

त्यामुळे सकाळी न्याहारीला नजला जेव्हा म्हणाली, “बाबा, आज आपल्या चर्चचे अबूना मिखाईल एका पाहुण्याला घेऊन येणार आहेत. ब्राझीलचा आहे. द्राक्षं बघायची आहेत त्याला,” तेव्हा वदीहच्या घशात ऑलिव्हची बी अडकली.

“कुणाची द्राक्षं?” बी खाली गेल्यावर त्याने विचारलं.

“आपली. आणि जमलं तर माझी वाईन.” असं म्हणून पोरीने लबनेची, म्हणजे घट्ट दह्याची, वाटी पुसून खाल्ली आणि बूट चढवून बागेत निघूनसुद्धा गेली. नजलाचं सगळं असंच. एकतिशी झाली तरी चालणं पळाल्यासारखं.

वदीहची थोरली बहीण अफीफे ओट्यापाशी उभी होती. विधवा झाल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि भाचीचं लग्न हा तिने एकहाती उचललेला कार्यक्रम होता. तिने छातीवर क्रूस केला. “देवाने ऐकलं रे बाबा माझं! ब्राझील! आणि स्वतः अबूना घेऊन येतायत!”

“द्राक्षं बघायला येतोय म्हणाली ना ती?”

“तू काय बघायला गेला होतास?” अफीफेने विचारलं. वदीहने पुढचं ऑलिव्ह उचललं.

खरं सांगायचं तर या माणसाला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नव्हता, आणि सबंध घर त्या एका पोरीवर उभं होतं. पोरगी गेली की आपण आणि अफीफे, अफीफे आणि आपण, मरेपर्यंत. पण हे तोंडाने बोलायचं कसं? बापाने म्हणायचं असतं, पोरीचं चांगलं होऊ दे. वदीह तसंच म्हणायचा आणि प्रत्येक स्थळात खोट काढायचा. एकाचं नाक मोठं. एकाची आई बोलघेवडी. एकजण झाहले शहराचा, आणि झाहलेचं पाणी त्याला म्हणे मानवत नाही.

ऊन चढल्यावर अबूनांची जुनी गाडी धुरळा उडवत अंगणात शिरली. अबूना उतरले, दाढी झटकली आणि त्यांच्यामागून उतरला एक उंच, गोरटेला, चष्मा लावलेला तरुण. नाव एदुआर्दो. पणजोबा याच खोऱ्यातून बोटीत बसून गेलेले. पोरगा आमची भाषा बोलत होता, पण ती शिकला होता आजीच्या मांडीवर बसून, आणि दुसऱ्या कुणाकडून नाहीच. तेव्हा एवढा दणकट पुरुष अंगणात उभा राहून, दोन्ही हात गालांना लावून म्हणाला, “अगबाई! केवढं गं ऊन हे!”

वदीहने अबूनांकडे पाहिलं. अबूनांनी आभाळाकडे पाहिलं.

सगळे मांडवाखाली बसले. अफीफे नवीन कपांतून कॉफी घेऊन आली. एरवी ते कप कपाटातून हलत नाहीत. वदीहने आपला कप उचलला. पाहुण्याने कप हातात घेतला, वास घेतला, डोळे मिटले, आणि एक घोटही न घेता तो हळूच समोरच्या टेबलावर ठेवला. मग छातीवर हात ठेवून अदबीने म्हणाला, “नंतर, काका. आधी ज्यासाठी आलोय ते होऊ दे.”

अबूनांनीही आपला कप ठेवून दिला.

वदीहच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे मागणी घालायला आलेला माणूस असाच वागतो. कॉफी समोर ठेवायची, प्यायची नाही. यजमानाने विचारायचं, काय हवंय बाबांनो? ते सांगणार. मग यजमान म्हणणार, ‘घ्या, कॉफी प्या, तुमचं काम झालं.’ एकदा ते प्यायले की शब्द गेला. शब्द गेला की पोरगी गेली. आणि मागणी मान्य नसेल तर कॉफी तशीच निवत पडते, आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं ते नातवंडांपर्यंत.

वदीहच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. विचारायचंच नाही. न विचारता कोण काय मागणार? तो कपांकडे पाठ करता येईल तितका वळला आणि बोलायला लागला. बकऱ्यांवर बोलला. जनरेटरवाल्याला शिव्या घातल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या दही-दलियाच्या किश्कवर चिमण्या कशा तुटून पडतात ते सांगितलं. अफीफेने मागून त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो चिमण्यांच्या मध्येच “आई गं” म्हणाला.

“विचार ना,” ती दातांतल्या दातांत पुटपुटली.

“काय विचारू?” वदीह मोठ्याने म्हणाला. “अबूना, तुमचा गुडघा कसा आहे?”

“बरा आहे,” अबूना म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. सकाळपासूनचं त्यांचं हे चौथं घर होतं.

पाहुण्याने मात्र थेट विचारलं, “काका, बाग बघू या का?”

बाग! वदीहला एकदम सुचलं. टळटळीत उन्हात याला वरपर्यंत फिरवायचा. दगड दाखवायचे, धूळ खाऊ घालायची आणि वाटेत पोरीच्या एकेक खोडी सांगायच्या. ब्राझीलच्या हिरव्यागार देशातला पोरगा. पळत नाही का सुटला, तर नाव बदलीन. त्याने टोपी घातली आणि पायरी उतरता उतरताच सुरुवात केली.

“बघ बाबा, आहे हे असं आहे. माती कमी, दगड जास्त. फाळ टिकत नाही इथे.”

“अगबाई!” म्हणत पोरगा खाली बसला. त्याने एक पांढरा दगड उचलला, शर्टाला पुसला आणि चाटला. चक्क चाटला. वर म्हणाला, “चुनखडी. छान गं बाई, छान!”

वदीह दोन पावलं मागे सरला. वेडा आहे की काय! अबूनांना चांगलंच खडसावायला हवं होतं, पण ते तिकडे मांडवात घोरत होते.

“पाऊस म्हणशील,” त्याने दुसरा हप्ता काढला, “तर एप्रिलनंतर थेंब नाही. ते समोर पश्चिमेचे डोंगर आहेत ना, सगळे ढग तेच गिळतात. आमच्या वाट्याला नुसता वारा. दुपारी डोकं फुटेल असं ऊन आणि रात्री भर उन्हाळ्यात गोधडी.”

“रात्री गोधडी?” पोरगा थांबला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली, जशी लहान पोराला जत्रेत येते. “खरंच? रोज?”

“रोज! दात वाजतात!”

“वा!”

यात वा काय होतं? वदीहला कळेना. तो आणखी वर चढला. इथल्या वेली जुन्या, ओबेदी जातीच्या द्राक्षांच्या, वदीहच्या आजोबांनी लावलेल्या. त्यांना तारा नाहीत, खांब नाहीत. आडव्यातिडव्या जमिनीवर पसरलेल्या, आणि घड पानांखाली दगडांवर टेकलेले. पोरगा वाकला आणि त्याने एक वेल उचलून पाहिली. उचलली ती अशी की एक पान तुटलं नाही. मग जशी होती तशीच परत ठेवली. वदीहने ते पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं, कारण पोरगा चांगला निघत होता. वाईट पोराला हाकलणं सोपं असतं.

आता पोरीवरच यायला हवं होतं. वदीहने मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि तोंड सोडलं.

“माझी मुलगी फार हट्टी आहे, आधीच सांगतो. मी म्हटलं, वेलींना पाणी देऊ या. बालबेकहून ठिबकच्या नळ्या आणल्या, नव्याकोऱ्या. तिने काय केलं? गुंडाळून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकल्या. म्हणते, पाणी दिलं की मुळं आळशी होतात.”

“ती म्हणाली असं? तिचं तीच?”

“तिचं तीच! जुलैत तर कहर केला. धडधाकट हिरवे घड कापून खाली टाकले, ओळीच्या ओळी. विरळणी म्हणे! शेजाऱ्याच्या बागेत माल बघ आणि आमच्या बघ, निम्मासुद्धा नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही, ठाऊक आहे? हिला काही फरक नाही. माझ्या वाट्याची कोंबडीपण खाल्ली तिने.”

पोरगा भारावल्यासारखा ऐकत होता.

“आणि तोंड!” वदीह आता खरोखर रंगात आला होता. “सकाळी मजुरांशी भांडते, दुपारी आत्याशी, संध्याकाळी माझ्याशी. कुठल्या दिवशी तोडणी करायची यावरून आमचे आठ आठ दिवस वाद चालतात. द्राक्ष चावते, बी दाताखाली फोडते, थुंकते आणि म्हणते, अजून नाही. सगळं गाव तोडणी करून मोकळं होतं आणि ही म्हणते, अजून नाही!”

“आणि मग बरोबर कुणाचं निघतं?”

वदीह थबकला. खोटं बोलायची संधी होती. “तिचं,” तो म्हणाला. “दरवर्षी तिचंच. काय सांगू तुला.”

पोरग्याने कपाळावरचा घाम पुसला आणि भक्तिभावाने चहूकडे पाहिलं. तांबूस उतार, करपलेलं गवत, दगडांची कुंपणं, खाली पसरलेलं सुकं खोरं. “काका,” तो म्हणाला, “याच्यापेक्षा चांगलं मी कुठे बघितलं नाही. आजीची शपथ.”

मेलो, वदीह मनात म्हणाला.

खाली आले तेव्हा अबूना जागे झाले होते आणि अफीफेने ताजी कॉफी ओतली होती. वदीहने शेवटची आशा म्हणून पाहुण्याकडे पाहिलं. उन्हाने लाल झालाय, घसा सुकलाय, आता तरी पिईल. पोरगा गटागट पाणी प्यायला. कॉफीचा कप मात्र त्याने वास घेऊन परत खाली ठेवला. अबूनांनीही ठेवला. दोन कप, दोन वाफा, आणि अफीफेचे डोळे भावाच्या कपाळावर रोखलेले.

वदीहला आता पुढे रेटवेना. वय झालं होतं, ऊन लागलं होतं, आणि खोट काढायला काहीच उरलं नव्हतं. नाकसुद्धा बेताचं होतं मेल्याचं. तो उभा राहिला. उभा का राहिला ते त्यालाही कळलं नाही.

“तुम्ही कॉफी का पीत नाही ते मला समजतं,” तो म्हणाला. “मी काही लहान नाही. पोरा, तू चांगला आहेस. वेल कशी उचलायची ते तुला कळतं, म्हणजे तू चांगलाच आहेस. पण मी नाही म्हणतो. तुझ्यात खोट नाही, खोट माझ्यात आहे. ही गेली तर मी काय करू? कामाचं म्हणत नाही मी, कामाला माणसं मिळतात. संध्याकाळी ती बागेतून येते, बूट आपटते, आणि दारातूनच भांडायला लागते, तेव्हा मला वाटतं घरात कुणीतरी आहे. हिची आई गेल्यापासून मी त्यावरच जगलोय. पोरीला मी कधी बोललो नाही हे, बोलणारही नाही. स्वार्थी म्हणा मला. अबूना, तुम्ही रविवारी माझ्या नावाने प्रवचन द्या, मी पुढच्या बाकावर बसून ऐकेन. पण पोरगी मी देत नाही.”

अफीफे रुमालाने डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता भावाला मारावं का याचाही विचार करत होती. पाहुण्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“काका,” तो चाचरत म्हणाला, “कॉफी प्यायली की माझी जीभ तासभर मरते. वाईनची चव कळत नाही. म्हणून थांबलोय मी. मी वाईन घेतो. म्हणजे विकत घेतो. तोच माझा धंदा आहे.”

वदीहने अबूनांकडे पाहिलं. “आणि तुम्ही?”

“डॉक्टरांनी बंद केलीय,” अबूना ओशाळून म्हणाले. “छातीत धडधडतं. गावात सांगितलं तर प्रत्येक घरातून काढे येतील, म्हणून बोललो नाही. मला वाटलं, नुसती ठेवली तर कोण बघतंय!”

“या गावात?” अफीफे ओरडली. “कॉफी नुसती ठेवली तर कोण बघतंय?”

वदीहला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. त्याने मान वळवली आणि तळघराच्या पायरीवर नजला दिसली. एका हातात वाईनचा जग, दुसऱ्या हातात चार पेले. तिथे ती केव्हापासून उभी होती हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पुढे आली, पेले मांडले आणि वाईन ओतली. पणजीच्या वेळच्या रांजणात तिने गेल्या साली केलेली, पिवळसर, किंचित गढूळ. वदीह दाराच्या चौकटीकडे बघत राहिला.

पाहुण्याने वाईन तोंडात घेतली, गुळणी केल्यासारखी फिरवली आणि बाजूच्या कुंडीत थुंकली.

“थुंकला!” अफीफे छाती धरून म्हणाली. “माझ्या भाचीची वाईन कुंडीत थुंकला!”

“तसंच करतात, आत्या,” नजला म्हणाली.

दुसरा घोट मात्र तो थुंकला नाही. मग आजीच्याच आवाजात, अगदी हळू म्हणाला, “अगबाई.” पेला रिकामा करून त्याने आणखी मागितली, तीही संपवली. आणि आता जिभेचं काम संपलं म्हणून, किंवा यजमानाचा मान ठेवावा म्हणून, त्याने समोरची थंडगार कॉफी उचलून एका दमात पिऊन टाकली.

“शब्द न घेताच प्यायला,” अफीफे हताश होऊन म्हणाली.

“ही सगळी वाईन मी घेतो,” पाहुणा नजलाला म्हणाला. “जेवढी असेल तेवढी. पण मला आणखी एक विचारायचंय. आमच्या दक्षिणेकडे जानेवारीत तोडणी सुरू होते, मार्चपर्यंत चालते. माझ्या ओळखीचे लोक नवीन बागा उभ्या करतायत, दगडांत, उंचावर. त्यांच्यात एकालाही ‘अजून नाही’ म्हणता येत नाही. तीन महिने येशील? राहायचं, जायचं-यायचं सगळं त्यांच्याकडे. शिकशीलही आणि शिकवशीलही.”

नजलाचा चेहरा असा उजळला की वदीहला तिची आई आठवली. क्षणभरच. मग पोरीने बापाकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, “नाही जमणार. तेव्हा आमच्याकडे छाटणी असते.”

संपलं. एवढंच बोलली. ना वाद, ना हातवारे, ना पाय आपटणं. जगाच्या दुसऱ्या टोकाची बाग तिने अशी सोडून दिली जशी कुणी नको असलेली पोळी परत करावी. वदीह तिच्याकडे पाहतच राहिला. या पोरीने न भांडता कधी कोंबडीची तंगडी सोडली नव्हती. आणि आता सोडलं ते कुणासाठी, हे मांडवात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. वदीहला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला रागच आला.

“छाटणी असते म्हणजे?” तो गरजला. “छाटणी मला येत नाही का?”

“नाही,” नजला म्हणाली.

“काय नाही?”

“येत नाही. तुम्ही वेली बोडक्या करता, बाबा. मागे एकदा खालचा वाफा तुमच्या हातात दिला होता, त्याला दोन वर्षं घड धरला नाही. म्हणून तर कात्री लपवून ठेवते मी.”

“लपवून ठेवतेस! ऐकलंत अबूना? माझ्या बापाच्या बागेत माझी कात्री लपवून ठेवते! तू दुधात पाव बुडवून खात होतीस तेव्हापासून छाटतोय मी!”

“म्हणूनच तेव्हा उत्पन्न नव्हतं!”

“दगडांत काय उत्पन्न असणार!”

“दगड तेच आहेत, बाबा! दगड कुठे बदलले?”

आवाज चढले. खुराड्यातल्या कोंबड्या कलकलायला लागल्या. बूट आपटण्यात आले, टोपी जमिनीवर फेकण्यात आली. पाहुणा अंग चोरून अबूनांकडे सरकला. “ती येतेय की नाही?” त्याने हळूच विचारलं.

“थांब जरा,” अबूना म्हणाले. “अजून कळत नाही.”

तेवढ्यात वदीहने जमिनीवरची टोपी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याचा आवाज एकाएकी खाली आला. “बरं,” तो म्हणाला. “मग छाटताना काडीवर कोंबांचे डोळे किती ठेवायचे, ते सांग मला.”

नजलाने तोंड उघडलं. उत्तर तिला झोपेतही ठाऊक होतं. पण तिचे डोळेच भरून आले.

“सांग ना!” वदीह ओरडला. “नीट सांग, आणि दोनदा सांग, मी विसरतो. जानेवारी काही लांब नाही.”